अंगवळणी पडलेला ब्रेक

ताईने गाडी दान केली तेव्हा सगळे म्हणाले, बाई मोठ्या मनाची. मन मोठं होतं, नाही कशाला म्हणायचं. पण त्या दानात निम्मी भीतीच होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. गाडी दारात उभी राहिली तर आपण पुन्हा एक दिवस चावी घेऊन खाली उतरू, भाड्यांचं ॲप सुरू करू आणि उरलीसुरली पाठही घालवून बसू, या धास्तीने तिने ती घराबाहेर काढली. दारू सोडणारा माणूस बाटली कपाटात ठेवत नाही, त्यातलाच प्रकार.

तिला सगळेच ताई म्हणत. धाकटी बहीण म्हणायची, बहिणीचा नवरा म्हणायचा, आणि मागच्या सीटवर बसणारे अनोळखी लोकही म्हणायचे, "ताई, जरा पुढच्या गल्लीत घ्या." नवरा अचानक गेला आणि मागे ही गाडी राहिली. विकून खायची की चालवून खायची, एवढाच प्रश्न होता. विकून किती दिवस खाणार? ताईने परवाना काढला, मोबाइल काचेजवळ अडकवला आणि घंटी वाजली की निघायला लागली.

भित्री होती ती. बाई एकटी गाडी चालवते म्हणजे धाडसीच असणार, असं एकदा ठरवून टाकलं की लोकांचं काम संपतं. कसलं धाडस? रोज पाचावर धारण बसलेली असायची. मागे बसलेला माणूस गप्प राहिला तर भीती, फार बोलला तर त्याहून जास्त. उतरताना तो ॲपवर तारे किती देईल याची भीती. तारे घटले की भाडी घटत, आणि कशाने घटले हे विचारायला समोर माणूस नसे, नुसता स्क्रीन. एकदा एक गृहस्थ रस्ताभर तिच्या मानेकडे बघत गाणं गुणगुणत बसले होते. घरी आल्यावर तिने साबण लावून मान घासली, पुन्हा घासली, तरी काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं.

भीती वाटायची नाही ती फक्त गाडीची. गाडी सव्वातीन लाख किलोमीटर चालली होती. एवढ्यात माणूस चंद्राच्या जवळपास जाऊन पोचतो; ताई गावातल्या गावात फिरत राहिली. एक हेडलाइट मोतीबिंदू झाल्यासारखा पांढुरका पडला होता. मागचं एक दार आपटल्याशिवाय लागत नसे. एसी लावला की आधी खोकायचा, मग गार व्हायचा. ताईला हे सगळं पाठ होतं. घरात कुठे ठेच लागते हे ठाऊक असलेली सासू जशी दिवा न लावता फिरते, तशी ती या गाडीत वावरायची.

मग पाठ गेली. मणक्याची चकती सरकली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाडी की पाठ, दोन्हींतलं एक ठेवा." ताईला एका हॉस्टेलच्या भटारखान्यात हिशेबनीस म्हणून बसून करायचं काम मिळालं. जुन्या गाड्या घेणारा व्यापारी घरी आला, बॉनेटवर बोटं वाजवून म्हणाला, "वजनावर घेऊ." ते ताईच्या जिव्हारी लागलं. तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिला मास्तरांची आठवण झाली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक उंच, वाकलेले गृहस्थ. ते दोन खोल्यांतून एक संस्था चालवायचे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या लोकांना आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागतं, आणि ते यंत्र टेकडीवरच्या हॉस्पिटलात. ज्यांना बस झेपत नाही आणि टॅक्सी परवडत नाही, अशांना संस्था घरून नेई आणि घरी आणून सोडी. त्यांची जुनी गाडी कायमची बसली होती. ताईने फोन केला तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही थट्टा करत नाही ना? माझं वय झालंय, असले आनंद सोसत नाहीत."

गाडी द्यायच्या दिवशी संस्थेने आपला मेकॅनिक बोलावला होता. सकाळची थंड वेळ. त्याने बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, आवारात गाडी फिरवली, ब्रेक दाबून पाहिले. म्हणाला, "म्हातारी आहे, पण खमकी आहे." मास्तरांनी ताईला विचारलं, "काही खोड आहे का हिच्यात? आधी सांगून ठेवा, आम्ही काही परत करणार नाही." ताईने सगळं सांगितलं. दार, एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा वायपर. एक काही लपवलं नाही. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे ताईने स्वतःला फार बोल लावला: तिने खरोखर एकही गोष्ट लपवली नव्हती.

गाडी चालवणार होते कॅशियरकाका. आयुष्यभर बँकेत काचेमागे बसले, निवृत्त झाल्यावर हौसेने गाडी शिकले आणि फुकट सेवा देतो म्हणून संस्थेत आले. भला माणूस. आरशात तीनदा बघितल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. ताईने त्यांच्या हातात चावी दिली आणि बजावलं, "काका, गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. कोणाचाही. राजाचा आला तरी."

"फोन मी डिकीतच टाकतो," काका म्हणाले. "मला मोह नको."

फोटो काढला, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ताई बसने घरी आली.

काही आठवडे गेले. उन्हाळा चढला. एका दुपारी धाकटीचा फोन आला, "ताई, आमची नवी गाडी मिळतेय आज. हे म्हणतात, शोरूममधून घरापर्यंत तूच आण. यांचे हातपाय आत्तापासूनच गळालेत."

बहिणीचा नवरा, ताईचे भावजी, विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायच्या टेबलावर होते. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून त्यांना प्रत्येक रस्त्यावर आपली चेपलेली गाडीच दिसायची. शोरूमच्या दारात ते नव्या गाडीभोवती असे फिरत होते, जशी काही ती झोपली आहे आणि आवाज झाला तर जागी होईल. सीटवर प्लास्टिक, बॉनेटवर लाल रिबीन.

"पाठ झेपेल ना ताई तुमची?"

"दहा मिनिटांचा रस्ता आहे, भावजी. बसा."

ताई स्टिअरिंगमागे बसली. धाकटी तिच्या शेजारी आणि भावजी मागे, दोन सीटच्या मधून मान पुढे काढून. रस्त्यावर आल्यावर ताईला बरं वाटलं. किती दिवसांनी स्टिअरिंग हातात आलं होतं! पहिला सिग्नल लाल झाला. ताईने ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी खिळली. सगळे पुढे फेकले गेले. मान सरळ करतात न करतात तोच दुसरा हिसका.

"अहो ताई!" भावजींचं नाक धाकटीच्या सीटवर आपटलं होतं. "काय चाललंय?"

"ब्रेक कडक आहेत नव्या गाडीचे," ताई म्हणाली.

पुढच्या चौकात तेच. हिसका, आणि लगेच दुसरा. सीटवरचं प्लास्टिक चरचरलं. धाकटीला हसू आवरेना. "ताई, दोन-दोनदा काय दाबतेस? दारावरची बेल आहे का ती? पहिल्यांदा वाजवली, कोणी उघडलं नाही, म्हणून परत?"

"सवय गं," ताई हसत म्हणाली.

"कसली सवय?" भावजी नाक चोळत म्हणाले. "ब्रेक दोनदा दाबायची सवय कोणाला असते? एकदा दाबला की लागतो, त्यालाच ब्रेक म्हणतात."

ताईचं हसू ओठावरच राहिलं.

कसली सवय? तिने उत्तर शोधलं आणि ते सापडलं तेव्हा मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले तरी तिला सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या नेहमीच्या मेकॅनिकने एकदा ब्रेक बघून सांगितलं होतं, "ताई, मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलंय. थंड असताना काही नाही. गाडी तापली की प्रेशर सोडतं, पेडल खाली बसतं. सिलिंडर बदलून टाकू. तोवर दोनदा दाबत जा, पहिल्या दाबाला उचलतं, दुसऱ्याला धरतं." ताई म्हणाली, पुढच्या महिन्यात बदलू. पुढच्या महिन्यात दुसरं काही निघालं. मग त्या मेकॅनिकने गॅरेज बंद केलं आणि तो भावाकडे निघून गेला. ताईचा पाय मात्र दोनदा दाबायला शिकला होता. पहिला हलका, दुसरा पुरा. उतारावर, सिग्नलला, गिऱ्हाईक 'इथेच थांबवा' म्हणालं की. होता होता ते इतकं अंगवळणी पडलं की ती खोड आहे हेच ती विसरली. तिच्या लेखी ब्रेक असाच लागतो. दार आपटावं लागतं हे हाताला रोज कळायचं, म्हणून ते सांगायला सुचलं. पाय काय करतो ते कोण बघतं?

"ताई? अगं, हिरवा झालाय."

"आज वार कोणता?"

"आं?"

"वार कोणता गं आज!"

धाकटीने सांगितला. संस्थेच्या गाडीच्या फेरीचाच वार होता. यंत्रावरची दुपारची पाळी सुटायची वेळ झालेली. म्हणजे या घडीला कॅशियरकाका टेकडीवरून पेशंट घेऊन खाली उतरणार. सकाळपासून फेऱ्या मारून तापलेली गाडी, वरून हे ऊन, आणि तो उतार. ताईला तो उतार तोंडपाठ होता. वळणामागून वळण, आणि तळाशी भाजीबाजार. तिथे रस्ता एकदम माणसांनी भरलेला.

ताईने गाडी घराच्या उलट दिशेला वळवली.

"ताई, आपलं घर तिकडे," भावजी म्हणाले.

"मास्तरांना फोन लाव," ताई धाकटीला म्हणाली. "माझ्या पर्समधून घे फोन. लवकर. आणि स्पीकरवर टाक."

मास्तरांनी पहिल्याच घंटीला उचलला. "बोला ताई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ताच तुमच्या गाडीचं कौतुक चाललं होतं."

"मास्तर, गाडी कुठे आहे?"

"वर गेलीय, आपल्या माणसांना आणायला. का हो?"

 मागून भावजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवून खूण केली, थांबा. स्पीकरवर हात ठेवून ते कुजबुजले, "काय झालंय ते आधी मला सांगा."

ताईने दोन वाक्यांत सांगितलं. भावजींचा चेहरा आरशात पांढरा झालेला तिला दिसला.

"बोलू नका," ते म्हणाले. "ताई, मी रोज हेच बघतो. गाडी त्यांच्या नावावर झाली, त्यांच्या मेकॅनिकने पास केली. उद्या काही बरंवाईट झालं तर तुम्ही मोकळ्या. पण आज तुमच्या तोंडून निघालं की मला माहीत होतं, तर तुम्ही आत. कायमच्या. काहीतरी दुसरं सांगा. म्हणावं, कागद राहिलाय, गाडी परत आणा."

"हॅलो? ताई?" मास्तर विचारत होते.

ताईला भावजींचं पटलं नाही असं नाही. पटलं. अगदी पटलं. पोलीस, कोर्ट, पेपरात आपला फोटो, खाली लिहिलेलं नाव. सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. पण कागदासाठी कोणी उतारावर गाडी थांबवत नाही. कागदासाठी लोक संध्याकाळी फोन करतात.

तिने भावजींचा हात झटकला. "मास्तर, गाडीचा ब्रेक खराब आहे. तापला की लागत नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. हॉस्पिटलला फोन करा, गाडी खाली सोडू नका म्हणावं. जीवावरचं काम आहे."

 पलीकडून एक श्वास ऐकू आला आणि फोन कट झाला.

धाकटी म्हणाली, "काकांना लावू का?"

"डिकीत असतो त्यांचा फोन. मीच सांगितलंय." आणि मग तिला वाटलं, बरंच झालं. उतारावर फोन वाजला आणि तो माणूस दचकला, तर आधी काय करेल? ब्रेकच दाबेल.

टेकडीचा चढ लागला तेव्हा मास्तरांचा फोन आला. आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "निघाली हो गाडी. आत्ताच निघाली म्हणतात. तिघं आहेत आत. ताई, मी काय करू?"

"बाजारात कोणाला तरी पाठवा, रस्ता मोकळा करायला," ताई म्हणाली. कोणी एवढ्यात पोचणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग तिने नवी गाडी अशी दामटली की भावजींनी डोळे मिटून घेतले. वळण, पुन्हा वळण, एका बाजूला दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली झाडं. धाकटी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून पुटपुटत होती, "ताई, सांभाळ, ताई, सांभाळ." प्रत्येक वळणापलीकडे आता काय दिसणार याचीच ताईला धास्ती. मोडलेला कठडा दिसेल. गर्दी दिसेल. रस्त्यावर एखादी चप्पल दिसेल.

दिसला तो मोतीबिंदू झालेला हेडलाइट.

गाडी समोरून येत होती. सावकाश नव्हती आणि फार जोरातही नव्हती. काकांची मान ताठ, हात स्टिअरिंगवर अगदी पुस्तकात दाखवतात तसे. शेजारी एक आजी डोळे मिटून बसलेली. गाडी बाजूने निघून गेली. काकांनी बघितलंसुद्धा नाही.

"हॉर्न दे ना गं!" धाकटी ओरडली.

"गप्प बस." ताईने रुंद जागा बघून गाडी फिरवली आणि मागे लागली. आता तिला तिच्या जुन्या गाडीची पाठ दिसली, आणि पाठीवरचे दोन्ही लाल दिवे. पेटलेले. पेटलेलेच. काका पहिल्यापासून ब्रेकवर पाय ठेवून उतरत होते. नवशिका माणूस उतारावर तेच करतो. ब्रेक तापत होता, तापत होता, आणि कधी सोडेल त्याचा नेम नव्हता. हॉर्न दिला तर दचकून सगळं वजन पेडलवर टाकतील आणि पेडल जमिनीला टेकेल.

ताईने दिवे विझायची वाट पाहिली नाही. पुढचं वळण यायच्या आत तिने गाडी बाजूने काढली, काकांना मागे टाकलं आणि त्यांच्यासमोर आणली. मग काच खाली करून हात बाहेर काढला आणि वरखाली हलवला, सावकाश, जुन्या ट्रकवाल्यांसारखा. हळू घ्या. हळू. गियर उतरवा.

काका पुढच्याचं ऐकणारे होते. बँकेतही त्यांनी कधी रांग मोडू दिली नसेल. आरशात ताईला त्यांचा हात गियरकडे गेलेला दिसला. गाडीने घोगरा आवाज काढला आणि वेग उतरला. पण अंतर काही वाढेना, उलट कमी व्हायला लागलं. काकांचा खांदा पुढे झुकला, तोंड उघडं पडलं. पेडल बसलं होतं.

"ताई, तो येतोय," भावजी मागच्या काचेतून बघत म्हणाले. "ताई, तो आपल्या अंगावर येतोय! पुढे घ्या!"

"पुढे घेऊन कोणाच्या अंगावर घालू?"

"ताई, गाडी नवी आहे!"

"म्हणून तर. हिचे ब्रेक चांगले आहेत."

तिने वेग जुन्या गाडीच्या वेगाएवढा केला, आणि मग थोडासा कमी. ठक्. म्हाताऱ्या गाडीचं नाक नव्या गाडीच्या पाठीला लागलं. मागे प्लास्टिक चुरचुरलं आणि भावजींच्या तोंडून एक आवाज निघाला, जो धाकटीने लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. ताईने ब्रेकवर पाय टेकवला, एकदाच, हळूच, आणि टेकवून ठेवला. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून खरडत खाली सरकल्या. जुनीचं ओझं पाठीत जाणवत होतं, ताईच्या स्वतःच्या पाठीत, मणक्यामणक्यातून. तिने स्टिअरिंग भिंतीकडे वळवलं. मागचीही वळली. पाणी वाहून जायला खणलेल्या चरात एक चाक गेलं, खड्कन आवाज झाला आणि सगळं थांबलं.

 इंजिनाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

आधी उतरले ते भावजी. ताईला वाटलं, आता बंपर बघतील. बघितलाच त्यांनी, एक क्षण, आणि मग रस्त्याकडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून जुन्या गाडीच्या चाकाखाली ठेवला. मग दुसरा. त्यांच्या नव्या शर्टाला माती लागली.

काका स्टिअरिंगमागेच बसून होते. ताईने दार उघडलं तर ते तिच्याकडे बघून म्हणाले, "माझं चुकलं. माफ करा हो बाई. तुमची एवढी चांगली गाडी."

"काका—"

"काही दिवसांपासून असंच व्हायचं. पेडल खाली जातंय असं वाटायचं. म्हटलं, म्हातारपणी शिकलोय, पायात जोर नाही. सगळे म्हणत होते गाडी उत्तम आहे, मग खोट माझ्यातच असणार. मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा ड्रायव्हर बघितला असता. म्हणून मग…" त्यांनी स्टिअरिंगवरचे हात अजून काढले नव्हते. "म्हणून गप्प राहिलो."

ताई दाराला धरून खाली बसली. पाठीतून कळ गेली तरी बसली. एकीला इतकी सवय की खोड दिसेना, आणि दुसरा इतका नवखा की दिसलेल्या खोडीवर विश्वास ठेवेना. या दोघांच्या मधल्या फटीतून तीन माणसं बाजारात जाऊन आदळली असती. तिने काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमच्या पायात काही खोट नाही. ब्रेकच खराब आहे. मला माहीत होतं, आणि मीच सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?" काकांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच कळायला हवं होतं.

"विसरले होते," ताई म्हणाली आणि ते उत्तर तिला स्वतःलाच इतकं लाजिरवाणं वाटलं की तिने मान वर केली नाही.

मास्तर रिक्षाने आले. त्यांनी गाडी बघितली, दगड बघितले, आतल्या माणसांना एकेक करून विचारलं, लागलं का. मग ताईसमोर उभे राहिले. "फोनवर जे बोललात ते पोलिसांसमोरही बोलावं लागलं असतं तुम्हाला, माहीत आहे ना?"

"माहीत होतं."

"हं," मास्तर म्हणाले. एवढंच. माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही, आणि खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी केलंही नव्हतं. म्हातारी गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकची वाट बघत ते काकांबरोबर भिंतीला टेकून थांबले.

पेशंट मात्र थांबू शकत नव्हते. यंत्रावरून उठलेल्या माणसाला अंगात बळ नसतं, आडवं व्हायचं असतं. चरातून नवी गाडी काढली, भावजींनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "बसा. प्लास्टिक आहे, जरा गरम लागेल." शिंपीकाम करणारा एक माणूस, त्याच्याहून तरुण एक शाळेतली शिपाईण आणि ती आजी, तिघं मागे बसली. धाकटीला जागा उरली नाही. ती मास्तरांच्या रिक्षाने घरी गेली, जाताना ताईच्या गालाला हात लावून.

चालवायला ताईच बसली. भावजींची हिंमतच नव्हती. ताईलाही नव्हती, पण तिच्यात आणि भावजींच्यात फरक एवढाच की तिला भीत भीत चालवायची जुनी सवय होती. उताराचा उरलेला तुकडा तिने पायाकडे बघत बघत काढला. बाजार आला. टोमॅटोच्या पाट्या, दोन शाळकरी मुली, रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसलेला कुत्रा.  हे सगळं इथेच होतं, मघाशीसुद्धा.

शिंपी उतरला, शिपाईण उतरली. आजीचं घर शेवटी. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून ताईने तिला हात दिला. आजीचा हात सुजलेला, त्यावर नुकती लावलेली पट्टी.

"तूच ना गं ती गाडी दिलेली?" आजीने विचारलं. "फोटो बघितलाय मी तुझा. मास्तरांनी भिंतीवर लावलाय. देव भलं करो तुझं."

ताईला वाटलं, हो म्हणावं आणि निघावं. या म्हातारीला काय कळणार आहे? झोपली होती ती. खड्कन झालं तेव्हा जागी झाली, तरी ग्लानीतच होती.

"आजी," ती म्हणाली, "मघाशी तुम्ही झोपलात ना, तेव्हा त्या गाडीचा ब्रेक गेला होता. माझ्यामुळे. थोडक्यात वाचलात."

आजी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत हळूहळू भीती उतरत गेली. ताईने ती आयुष्यभर आरशात पाहिली होती, म्हणून तिला लगेच ओळखू आली. ताईने शिव्यांसाठी मन घट्ट केलं.

"म्हणजे ती गाडी आता बंद?" आजीने विचारलं.

"दुरुस्त होईस्तोवर बंदच."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. भंगारातही जाईल कदाचित."

आजीने तिचा हात सोडला नाही, उलट घट्ट धरला. नखं रुतली. "आणि मग परवा? परवा मला वर कोण नेणार? एक पाळी चुकली की अंगात पाणी भरतं गं. मागे चुकली होती. श्वास घेता येत नाही. उताणं पडता येत नाही, रात्रभर बसून काढावी लागते." तिचा आवाज चढला. "ब्रेक काय घेऊन बसलीस, पोरी? परवाचं बोल. परवा कोण येणार?"

ताईने गाडीकडे बघितलं. पाठ इतकी ठणकत होती की सरळ उभं राहवत नव्हतं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते आठवलं. तो उतार आठवला, ती लाल पाठ, काकांचं उघडं तोंड.

"मी येते," ती म्हणाली.

आजीने तिचा हात सोडला आणि भिंतीला धरत गल्लीत निघाली. मागे वळूनही बघितलं नाही. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

ताई परत येऊन स्टिअरिंगमागे बसली. भावजी चुरगळलेल्या प्लास्टिकवर हात फिरवत, मागे चेपलेल्या पत्र्याचा विचार करत बसले होते. 

"परवा," ते म्हणाले, "कुठल्या गाडीने?"